काळी पाचसाठी बॅरिटोन: आराखड्याच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

गायिकेचा सा काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी, ए शार्प. गझला आणि कवितांचा कार्यक्रम, साथीला तबला आणि मी, चौथं कोणी नाही. हार्मोनियम नको हा तिचा हट्ट, मोबाइलमधला तंबोरा नको हा माझा. नेहमीच्या गिटारीवर काळी पाच म्हणजे पाचव्या तारेचा पहिला पडदा. मोकळी तार एकही कामाची नाही. कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चाप) लावून भागतं, पण मग सगळा बाज वर सरकतो आणि तिच्या आवाजाखाली जो खर्ज हवा तोच गायब होतो.

बॅरिटोन गिटार साधारणपणे नेहमीच्या गिटारीपेक्षा अडीच स्वर खाली लावतात: खालून वर बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी. सगळ्या तारा अर्धा स्वर आणखी उतरवल्या की सहावी तार थेट काळी पाचवर येते, ५८.२७ हर्ट्झ, तिच्या सा च्या बरोबर दोन सप्तकं खाली. मग मोकळ्या तारा अशा पडतात: सा, म, कोमल नी, कोमल ग, प, सा. यमनाला यातल्या निम्म्या अंगावर येतील, पण तिच्या यादीत भैरवी, मालकंस, काफी असलाच माल जास्त आहे. काम होतंय.

तयार बॅरिटोन मिळतात. पण हातात धरून बघायला पुण्यात एकही सापडली नाही, आणि आठवडे वाट पाहून न वाजवलेली गिटार मागवण्यात मला रस नाही. दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "करू की. पण आधी कागदावर सगळं आणा. अर्धवट सांगाल आणि मग रोज फोन कराल, तसं नको." म्हणून ही वही.

२२ जून, रविवार

गिटार करायची म्हटलं की जो तो पहिल्यांदा लाकूड विचारतो. सागवान का, महोगनी का, पुढे झाडाचं वय. मला वाटतं हा प्रश्न रांगेत चौथा-पाचवा यावा. बॅरिटोन ठरते ती तारेवर. तार किती जाड, किती लांब, किती ताणलेली, हे आधी पक्कं करायचं आणि बाकी सगळं त्याच्या मागे लावायचं.

हिशेब शाळेतलाच आहे. ताण हा तारेच्या दर इंची वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि लांबी गुणिले कंपनसंख्या यांच्या वर्गाच्या प्रमाणात. तार कंपन्या आपल्या प्रत्येक तारेचं दर इंची वजन छापतात, त्यामुळे अंदाजाची गरज नाही.

नेहमीची साडेपंचवीस इंची गिटार (ही तारेची वाजती लांबी), ४६ ची, म्हणजे ०.०४६ इंच जाडीची, सहावी तार, ई वर लावलेली: ताण साधारण ७.९ किलो. हाताला सवय आहे ती या ताणाची. त्याच गिटारीवर ५६ ची तार घालून काळी पाचपर्यंत उतरवली तर उरतात जेमतेम ६ किलो. तार लोंबते. जोरात छेडली की आधी स्वर चढतो आणि मग खाली येऊन बसतो. गायिकेला ते लगेच ऐकू जातं.

मग आणखी जाड तार घाला की, असं तबलजीचं म्हणणं. ६२ घातली तर ताण सव्वासातच्या पुढे जातोही. पण जाड तार आखूड लांबीवर तारेसारखी न वागता सळईसारखी वागायला लागते. तिचे वरचे स्वरांश मूळ स्वराच्या नेमक्या पटीत न राहता थोडे थोडे चढे होतात, आणि कानाला स्वर न लागता 'धप्' लागतो. बाकीचं सामान कितीही महागडं असलं तरी हे सुटत नाही. उपाय एकच, लांबी.

लांबी साडेपंचवीसवरून २८ इंच केली तर त्याच तारेला त्याच स्वरावर सुमारे २० टक्के जास्त ताण मिळतो. २७ केली तर १२ टक्के. २८ इंचांवर काळी पाचला ६० ची तार सव्वाआठ किलोला बसते. तिला कधी घसा बसल्यामुळे काळी चार घ्यावी लागली तरी हीच तार साडेसहापर्यंत तग धरते. म्हणजे आत्तापुरती २८ आणि ६०. बोटांनी कौल दिला तर.

६ जुलै, आषाढी एकादशी

बोटांचा कौल घेतला. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापल्या आणि त्यांवर २७, २८ आणि ३० इंचांचे पडदे आखले. पद्धत सोपी: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा, मग पुन्हा उरलेल्याला भागायचं. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) पहिला पडदा साडेपंचवीसला ३६.४ मिलिमीटरवर येतो, २८ ला ३९.९ वर, ३० ला ४२.८ वर.

पहिला ते चौथा पडदा हे अंतर महत्त्वाचं, कारण तर्जनी आणि करंगळी तिथे एकाच वेळी लागतात. नेहमीच्या गिटारीवर ते ९७ मिमी. २७ ला १०३, २८ ला १०७, ३० ला ११४. पुठ्ठा गिटारीच्या नेकवर चिकटपट्टीने लावला आणि मुक्याने वाजवत बसलो. बायको साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, दारात थांबली, काही न बोलता ताटली ठेवून गेली.

१०७ ला करंगळी पोचते, तक्रार करते, पण पोचते. ११४ ला मनगट वळवावं लागतं आणि तासाभराच्या कार्यक्रमात ते परवडणार नाही. २७ आणि २८ मधला फरक हाताला वाटला त्यापेक्षा कमी होता. तारेच्या बाजूने मात्र तो मोठा आहे. २८ पक्कं.

१९ जुलै

आज हिशेब नाही. पाऊस, वीज गेलेली, म्हणून इतिहास.

जाड आवाजाच्या या सगळ्या गिटारींचा उगम शोधत गेलं की गाडी डॅनइलेक्ट्रोवर थांबते. नेथन डॅनियल यांनी १९४७ मध्ये न्यू जर्सीत सुरू केलेली कंपनी. १९५६ मध्ये त्यांनी सहा तारांचा बास काढला: गिटारीसारखाच लावायचा, फक्त एक सप्तक खाली. फेंडरचा बास सिक्स १९६१ चा, लांबी ३० इंच. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंत असल्या सहा-तारी बासचा एक ठरलेला उपयोग होता. उभ्या बासची चाल याच्यावर प्लेक्ट्रमने, तळहात तारांवर दाबून, जशीच्या तशी सोबत वाजवायची. त्या टकटकीला ते टिक-टॅक म्हणत. उभ्या बासला गोलाई असते पण टोक नसतं, ते टोक इथून यायचं.

मला हे कामाचं आहे. तबल्याच्या बायाँशी माझा खर्ज भिडला तर दोघंही चिखलात. तळहात दाबून टोक काढलं तर दोघांना जागा उरते.

आणखी एक. डॅनइलेक्ट्रोच्या स्वस्त गिटारींची बॉडी मॅसोनाइटची, म्हणजे दाबलेल्या हार्डबोर्डची, आत साध्या लाकडाची चौकट. आपण परीक्षेला क्लिप लावलेलं पॅड न्यायचो, तोच पदार्थ. आज त्याच जुन्या गिटारी लोक जिवापाड जपतात. सागवान का महोगनी विचारणाऱ्यांना हे सांगून बघतो, चेहरे बघण्यासारखे होतात.

३ ऑगस्ट, रविवार

आता लाकूड.

नेकसाठी जुनं सागवान हा काकांचा आग्रह, आणि इथे मी त्यांचं ऐकतो. बॉडी कसलीही चालेल, पण लांब नेकला लाकूड ताठ आणि मुरलेलं लागतं. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, खांब, चौकटी विक्रीला येतात. अशाच एका वखारीत काकांबरोबर गेलो. शेडमध्ये पावसाचा वास, जमिनीवर भुसा, आणि एका कोपऱ्यात हातभर जाडीची तुळई, वरून धुराने काळी पडलेली.

काकांनी खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढलं. तुळईवरून इंच इंच सरकवत नेलं. दोन ठिकाणी दोरा वाकडा झाला. तिथे खडूने फुल्या. "दिसणारा खिळा कोणीही काढतो," ते म्हणाले, "डोकं तुटून आत राहिलेला रंध्याचं पातं खातो." मग टोकाकडचा कापलेला भाग सँडपेपरने घासून ओला केला आणि वलयं बघितली. आपल्याला वलयं पडद्यांच्या पट्टीला काटकोनात उभी जाणारी हवीत. तसं कापलेलं लाकूड दमट हवेत कमी वाकतं. तुळईच्या मधल्या गाभ्यापासून दूर, एका बाजूला तसा पट्टा निघेल असं ठरलं. मालकाने घनफुटाचा भाव सांगितला, काकांनी भाव ऐकलाच नाही असं दाखवलं, पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सागवानाची एक खोड म्हणजे तेलकटपणा. सरस धरत नाही. जोड करायच्या आधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवायचा. नेक तीन पट्ट्यांचा करतोय: सागवान, मध्ये शिसवाची बारीक पट्टी, पुन्हा सागवान. दोन्ही सागवान पट्ट्यांचे रेषे एकमेकांच्या उलट, म्हणजे एक वाकायला निघाली तर दुसरी आडवी येते.

पडद्यांची पट्टी शिसवाचीच. आपलं पश्चिम घाटातलं शिसव जगभरच्या गिटारींवर वर्षानुवर्षं जातंय. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची जवळजवळ सगळी प्रजाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आली, तेव्हा वाद्यवाल्यांची कागदपत्रांत तारांबळ उडाली होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. काकांकडे बिलासकट घेतलेला जुना साठा आहे, त्यातलीच एक पट्टी.

पट्टा आणला, काकांच्या माळ्यावर हवेशीर ठेवला. पाऊस संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आत्ता रंधा मारून सरळ केलेलं लाकूड नोव्हेंबरात सरळ राहीलच असं नाही.

१० ऑगस्ट

तारांचा शोध सुखाचा निघाला. डॅडारिओच्या बॅरिटोन लाइट पाकिटात १३, १७, २६, ३६, ४६, ६२ अशा तारा. त्यांच्याच जॅझ मीडियम पाकिटात १३, १७, २६, ३६, ४६, ५६. म्हणजे फरक फक्त सहाव्या तारेचा! जॅझचं पाकीट दुकानात मिळतं, सुटी ६० मागवायची की झालं. तिसरी तार वळलेली येते हेही बरं, एवढ्या खाली साधी तिसरी तार बेसूर वाजते.

पण लांबीची गोम आहे. जुनी तार टेपने मोजली: गोळीपासून टोकापर्यंत ३९ इंचांच्या जरा वर. त्यातले २८ नट ते ब्रिजमध्ये गेले. एका ओळीत सहा खुंट्यांचा हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) केला तर सगळ्यात लांबची खुंटी नटपासून सात इंचांच्या आसपास, आणि तारा बॉडीच्या पाठीमागून ओवायच्या तर तिथे आणखी दोन. खुंटीला वेढे द्यायला काही उरतच नाही. म्हणून दोन निर्णय एकदम झाले: हेडस्टॉक तीन-तीन खुंट्यांचा, आणि तारा ब्रिजच्या मागच्या काठातूनच ओवायच्या, बॉडीतून नाही. मला एका ओळीचा हेडस्टॉक दिसायला आवडतो. असो.

एकूण ताण सगळ्या तारांचा मिळून ५० किलोच्या आसपास, पहिली तार दहाची अशा नेहमीच्या सेटला ४७. फार नाही. पण लांब नेक त्याच ताणाला जास्त वाकतो. म्हणून दोन्हीकडे काम करणारा ४६० मिमीचा ट्रसरॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या, ड्रोन आणि विमानांच्या मॉडेलवाल्याकडून. बावीस पडदे धरले तर पट्टी नटपासून ५१८ मिमी भरते, तेवढ्यात रॉड व्यवस्थित मावतो.

३० ऑगस्ट

गणपती. काका मंडळात. काम बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

मिरजेला जाऊन आलो. काकांच्या ओळखीचे एक सतारमेकर आहेत, त्यांच्याकडे तुणीच्या फळ्या. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्लीत शिरल्यावर त्याची पाटी बिटी काही दिसली नाही, दिसले ते छताला उलटे टांगलेले भोपळे. तुण ही कडुनिंबाच्या कुळातली, महोगनीही त्याच कुळातली. लाकूड लालसर, हलकं, रंध्याखाली मऊ. सागवानी बॉडी खांद्याला जड झाली असती. बॉडीला तुण पक्की.

खरं काम वेगळंच निघालं. गायिकेने अट घातलीये की खर्जाच्या सा ला थोडी जवारी, म्हणजे तंबोऱ्यासारखी झणझण, हवी. काका यावर ऐकायलाच तयार नव्हते. गिटारीवर तार पडद्याला घासली की गिऱ्हाईक परत आणून देतं, आयुष्य ती खरखर काढण्यात गेलं, असं त्यांचं म्हणणं. सतारमेकर हसले. "तुम्ही तार मोकळी सोडता, आम्ही तिला घोडीवर लोळवतो." त्यांनी तंबोऱ्याची घोडी दाखवली. वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तिरप्या उजेडात धरला की अगदी हलका उतार लक्षात येतो. कंप पावताना तार त्या उतारावर टेकते-सुटते, आणि वरचे स्वरांश फुलतात. त्यांनी कानशीने दोनदा घासलं, तार छेडली, पुन्हा एकदा घासलं. तिसऱ्या खेपेला आवाज उघडला.

गिटारीवर हे आधी झालेलंच आहे, आणि तेही पुन्हा डॅनइलेक्ट्रोच्याच घरात. १९६७ ची कोरल इलेक्ट्रिक सतार, न्यूयॉर्कचे स्टुडिओ-गिटारिस्ट विन्नी बेल यांच्या कल्पनेतली. तिचा ब्रिज म्हणजे किंचित गोलाई असलेली रुंद पट्टी, सगळ्या तारा तिच्यावर लोळतात. अडचण अशी की रुंद पट्टीवर तार नेमकी कुठे सुटते ते ठरत नाही, आणि वरच्या पडद्यांवर सूर हलतो.

आम्हाला वरचे पडदे नकोतच, फक्त मोकळी सहावी हवी. तेव्हा ब्रिज सहा सुट्या सॅडलचा (तार टेकते तो तुकडा) घ्यायचा आणि सहाव्या तारेसाठी दोन सॅडल करायचे. एक नेहमीचा, एक हाडाचा रुंद माथ्याचा, जवारी मिरजेत लावून आणलेला. ज्या कार्यक्रमाला हवा तो बसवायचा. काकांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "बदलता येणार असेल तर करू. पण खरखरीची तक्रार माझ्याकडे आणायची नाही."

२८ सप्टेंबर

पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपून अँपकडे पाठवणारी चुंबकं. नेककडे दोन वेटोळ्यांचा हंबकर ठेवला तर ५८ हर्ट्झची तार त्यात ढगात जाते. दोन्हीकडे एका वेटोळ्याचे सिंगल कॉइल घेतोय, गुणगुण थोडी चालेल. नेकचा पिकअप ब्रिजपासून १७८ मिमीवर, मोकळ्या तारेच्या चौथाईला. ब्रिजचा मात्र लांबीच्या प्रमाणात पुढे सरकवायचा नाही, नेहमीच्या गिटारीवर जेवढा सॅडलजवळ असतो तेवढाच जवळ, कारण जवारीची सगळी गंमत तिथेच पकडली जाणार. टोनचा कपॅसिटर ०.०२२ ऐवजी ०.०१ मायक्रोफॅरड, म्हणजे नॉब पूर्ण बंद केला तरी तार मुकी होणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत हे दहा-दहा रुपयांत मिळतात. नॉबखालचे पाचशे किलोओहमचे पॉट मात्र दुकानदाराने दाखवले ते ऑडिओ टेपरचे, म्हणजे कानाच्या हिशेबाने आवाज वाढवणारे, नव्हते, ते दुसरीकडून.

अँपची काळजी तबलजीला वाटते. बऱ्याच गिटार-स्पीकरांचा मूळ अनुनाद ७५ हर्ट्झच्या आसपास, त्याच्या खाली आवाज झपाट्याने पडतो. मग ५८ कशी ऐकू येणार? मूळ स्वर पुरता आला नाही तरी ११६, १७५, २३३ हे स्वरांश येतात, आणि त्यांच्यावरून कान खालचा सा स्वतःच भरून काढतो. त्याला ते पटलेलं नाही. वाजवून दाखवू.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाऊस गेला. पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचा नकाशा झाला.

लांबी साडेपंचवीसवरून २८ झाली म्हणजे ६३ मिमी वाढले. हे सगळे हेडस्टॉकच्या बाजूला ढकलले तर पहिला पडदा हाताबाहेर जातो आणि खांद्याचा पट्टा लावून सोडलं की नेक जमिनीकडे कलतो. म्हणून ब्रिज शेपटाकडे ३० मिमी मागे घेतला, उरलेलेच पुढे गेले. बॉडीचं वरचं शिंग लांबवून त्याचं टोक बाराव्या पडद्याच्या रेषेत आणलं, पट्ट्याचं बटण तिथे. खुंट्या हलक्या. नट ४५ मिमी रुंद, सहाव्या तारेची खाच दीड मिमीच्या किंचित वर, कारण ६० म्हणजे १.५२ मिमी. ब्रिजचे सॅडल मागे सरकायला भरपूर वाव हवा, जाड तारेला सुरात आणायला तो लागतोच.

काकांनी नकाशा भिंतीला टेकवला, लांब उभे राहून बघितला. शिंग अजून थोडं बारीक करा म्हणाले, करतो. बॉडीचा रंग ठरलेला नाही. गायिका काळा म्हणते, काका म्हणतात तुणीवर काळा रंग लावायला मी माणूस देणार नाही, नुसतं पॉलिश. तो वाद त्या दोघांनी मिटवावा.

आगाऊ रक्कम दिली. सागवानाचा पट्टा दिवाळीनंतर माळ्यावरून उतरवायचा, ओलावा मीटरने बघून. तुणीची फळी आणि हाडाचा सॅडल मिरजेहून एकत्रच येतील. पुढची नोंद नेकला पहिला रंधा लागेल तेव्हा.